घरगुती उपकरणांची स्वच्छता आणि कामगिरी : स्वतंत्र चाचण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिशवॉशर, वॉशिंग मशीन, प्युरिफायर, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या खोक्यांवरचे दावे वाचून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे असा क्रम आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कंपनी उपकरण बाजारात आणण्याआधी तपासतेच. मग स्वतंत्र चाचणी वेगळी कशासाठी?

कंपनीची चाचणी यंत्र सुधारण्यासाठी असते आणि त्यातलं काय जाहीर करायचं, हे कंपनीच ठरवते. दहा प्रोग्रॅमपैकी एकात चांगला आकडा आला तर खोक्यावर तोच छापला जातो. स्वतंत्र चाचणीत पद्धत आधीच लिहून ठेवलेली असते: किती भांडी, कोणता मळ, कोणते जंतू, पाणी किती कठीण, खोलीचं तापमान किती. निकाल उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हे उपकरण विकण्यात ज्याचा फायदा नाही असा माणूस ठरवतो.

ही पद्धत जुनी आहे. यूएल ही संस्था १८९४ साली अमेरिकेत विजेच्या आगींच्या भीतीतून सुरू झाली. एनएसएफ १९४४ साली मिशिगन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातून उभी राहिली. पहिलीचा भर सुरक्षिततेवर, दुसरीचा स्वच्छतेवर. त्यामुळे एकीची खूण दिसली म्हणून दुसरीची बाजूही तपासली गेली, असं समजू नका. शॉक बसणार नाही याची खात्री मिळालेलं यंत्र भांडी नीट धुईल, याची खात्री त्यात नसते.

२. चाचणी, प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेची मान्यता या तिन्हींत फरक काय?

चाचणी म्हणजे एका नमुन्यावर एकदा काढलेला निकाल. प्रमाणपत्र त्याच्या पुढचं: मॉडेलची नोंद होते, कारखान्याची तपासणी होते, अधूनमधून नमुने पुन्हा घेतले जातात. मान्यता ही या दोघांवरची देखरेख. आयएसओ/आयईसी १७०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रयोगशाळेची क्षमता पाहतं, तर १७०६५ हे उत्पादनांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा कारभार.

जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेलं’ एवढंच असेल तर ती फक्त पहिली पायरी झाली. तपासायला दिलेला नग आणि आज दुकानातून तुमच्याकडे आलेला नग एकसारखाच आहे, हे त्यावरून कळत नाही.

३. चाचणीचे पैसे कंपनीच भरते ना? मग ती स्वतंत्र कशी?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो योग्यच आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या बहुतेक संस्थांना शुल्क उत्पादकच देतो. पण हे शुल्क चाचणी करून देण्याचं असतं, पास होण्याचं नसतं. नापास झालेल्यालाही ते भरावं लागतं, आणि मान्यता देणारी वरची संस्था प्रयोगशाळेची कागदपत्रं उघडून बघू शकते. तरी या व्यवस्थेत एक फट राहतेच: नापास मॉडेलबद्दल बाहेर कोणालाच कळत नाही. यादीत फक्त पास झालेले दिसतात.

ग्राहक संस्थांचं काम उलट्या बाजूने चालतं. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स (१९३६, आधीचं नाव कन्झ्युमर्स युनियन) किंवा जर्मनीतली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट (१९६४) दुकानातून सर्वसाधारण गिऱ्हाइकासारखी वस्तू विकत घेतात आणि वाईट निकालही छापतात. मात्र त्या काही मॉडेलच तपासतात, कारखान्यावर नजर ठेवत नाहीत. माझ्या मते स्वच्छतेच्या दाव्यासाठी प्रमाणपत्र बघावं आणि रोजच्या कामगिरीसाठी ग्राहक संस्थांचे अहवाल.

४. ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ आणि ‘९९.९९९ टक्के’ यांत असा कितीसा फरक?

शंभरपट. सुरुवातीला दहा लाख जंतू असतील तर ९९.९ टक्क्यांनंतर हजार उरतात, ९९.९९९ टक्क्यांनंतर दहा. प्रयोगशाळेत याला ‘लॉग रिडक्शन’ म्हणतात. दशांश चिन्हाच्या आधीचे आणि नंतरचे मिळून जितके नऊ, तितके लॉग. पहिल्या दाव्यात तीन, दुसऱ्यात पाच.

आकड्यापेक्षा त्याच्याभोवतीचे शब्द महत्त्वाचे. कोणते जंतू? किती वेळात? कोणत्या प्रोग्रॅमवर? कशावर: काचेवर, कापडावर की पाण्यात? या चारांपैकी एकाचंही उत्तर दिलेलं नसेल, तर तो आकडा मी गृहीत धरत नाही. ‘९९.९ टक्के’ हे एखाद्या एकाच जिवाणूवर, चोवीस तासांनी, छोट्या चकतीवर मिळालेलं असू शकतं (प्रश्न ८ पाहा).

५. डिशवॉशरच्या ‘सॅनिटाइझ’ प्रोग्रॅमची चाचणी कशी होते?

यासाठी एनएसएफ/एएनएसआय १८४ हे घरगुती डिशवॉशरचं मानक आहे (एएनएसआय म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था). त्यात दोन मुख्य अटी आहेत: जिवाणूंमध्ये किमान ९९.९९९ टक्के घट आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्याचं तापमान किमान १५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६५.५ अंश सेल्सिअस.

अशा चाचणीत खरी मेहनत जंतू मारण्यापेक्षा उरलेले मोजण्यात असते. भांड्यावर ठरावीक संख्येने जिवाणू लावतात, प्रोग्रॅम चालवतात, मग भांडं द्रवाने धुऊन त्यातले जिवंत जिवाणू वाढवून त्यांच्या वसाहती मोजतात. इथे एक मेख आहे. डिटर्जंटचा अंश नमुन्यात उतरला तर बाटलीतही तो जंतू मारतच राहतो, आणि यंत्राने न केलेल्या कामाचं श्रेय यंत्राला मिळतं. म्हणून नमुना घेताक्षणी त्यात निष्प्रभ करणारं रसायन घालतात. क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेट वापरतात. एखाद्या अहवालात या पायरीचा उल्लेखच नसेल तर तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

६. म्हणजे प्रमाणित डिशवॉशर नेहमीच भांडी सॅनिटाइझ करतो?

नाही. प्रमाणपत्र यंत्राचं दिसत असलं, तरी दावा एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमपुरताच असतो. रोजचा ‘नॉर्मल’ किंवा ‘क्विक’ लावलात तर ती अट लागूच होत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये तापमान गाठलं गेलं की शेवटी एक दिवा लागतो. प्रोग्रॅम मध्येच थांबवून दार उघडलं, तर तो लागेलच असं नाही. हा दिवा बघायची सवय लावा.

७. वॉशिंग मशीनला ९९.९ टक्केच का पुरतात? तिथे सूट दिली आहे का?

कपड्यांच्या मशीनसाठी एनएसएफचा पी१७२ हा प्रोटोकॉल आहे, ड्रायरसाठी पी१५४. दोन्हींत अट ९९.९ टक्क्यांची. भांडी तोंडाशी जातात, कपडे तसे जात नाहीत. शिवाय कापडाच्या तंतूंत अडकलेला जिवाणू काचेवरच्यासारखा सहज निघत नाही.

पण पी१७२ मध्ये आणखी एक अट आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: पुढच्या धुण्यात जंतू लक्षणीय प्रमाणात जाता कामा नयेत. म्हणजे आजारी माणसाच्या चादरीनंतर त्याच ड्रममध्ये बाळाचे कपडे घातले, तर पाइप, ड्रम आणि रबरी घडीत राहिलेल्या पाण्यातून काय जातं, हेही मोजलं जातं. फक्त टक्केवारी छापणाऱ्या दाव्यात ही बाजू गायब असते.

८. ‘अँटीबॅक्टेरियल’ प्लास्टिकचा ड्रम, फ्रिजचा कप्पा किंवा हँडल घेण्यात अर्थ आहे का?

फारसा नाही. या दाव्यामागे बहुधा आयएसओ २२१९६ ही चाचणी असते. तिच्यात पाच सेंटिमीटर चौकोनी तुकड्यावर जिवाणूंचा द्रव ठेवतात. त्यावर पातळ फिल्म लावतात म्हणजे तो सुकणार नाही. मग ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत २४ तास ठेवून साध्या प्लास्टिकच्या तुकड्याशी तुलना करतात. आता फ्रिजचा कप्पा डोळ्यांसमोर आणा: थंड, बऱ्याचदा कोरडा आणि वर सांडलेल्या अन्नाचा थर. प्लास्टिकमधलं जंतुनाशक द्रव्य पृष्ठभागाला चिकटून काम करतं, मधे थर आला की संपर्कच तुटतो.

चाचणी खोटी नाही, साहित्याची तुलना करायला ती उत्तम आहे. तिच्यावरून ‘कप्पा आपोआप स्वच्छ राहतो’ असं सुचवणं मात्र खोटं.

९. इको प्रोग्रॅम इतका वेळ घेतो, तरी तो स्वच्छ धुतो का?

धुतो, आणि म्हणूनच वेळ घेतो. डिटर्जंटच्या क्षेत्रात १९५९ सालापासून झिनरचं वर्तुळ सांगितलं जातं: तापमान, वेळ, रसायन आणि घासण्याचा जोर यांतलं एक कमी केलं तर बाकीच्यांनी भर घालावी लागते. इको पाणी कमी तापवतो आणि वेळ वाढवतो. डाग निघण्याच्या चाचणीत तो चांगले गुण मिळवतो.

जंतूंचा हिशेब वेगळा आहे. वैद्यकीय धुलाई यंत्रांच्या आयएसओ १५८८३ मानकात उष्णतेचा हिशेब असा धरतात: ८० अंशांवर १० मिनिटांनी जे होतं, ते ९० अंशांवर एका मिनिटात होतं आणि ७० अंशांवर १०० मिनिटांत. दहा अंश खाली आलं की वेळ दहापट. याच गणिताने ५० अंशांवर तुम्हाला कित्येक दिवस थांबावं लागेल. कमी तापमानात जंतू कमी होतात ते मुख्यतः डिटर्जंटमधल्या ऑक्सिजन ब्लीचमुळे आणि पाण्याबरोबर वाहून गेल्यामुळे. द्रव डिटर्जंटमध्ये सहसा हे ब्लीच नसतं, त्यामुळे कमी तापमानावर पावडर जास्त भरवशाची.

१०. कामगिरीची चाचणी, म्हणजे ‘किती स्वच्छ धुतलं’, हे मोजतात तरी कसं?

डिशवॉशरसाठी आयईसी ६०४३६. त्यात चहा, दूध, खिमा, अंड्याचा बलक, ओट, पालक आणि मार्गारिन असे ठरलेले मळ ठरलेल्या भांड्यांवर लावून सुकवतात. धुतल्यावर प्रशिक्षित माणूस ठरावीक प्रकाशात प्रत्येक वस्तू हातात घेऊन शून्य ते पाच गुण देतो. पाच म्हणजे एकही ठिपका नाही.

कपड्यांसाठी आयईसी ६०४५६ मध्ये कोको, रक्त, रेड वाइन, काजळी-तेल आणि त्वचेचं तेल लावलेल्या पट्ट्या सुती कपड्यांमध्ये घालून धुतात. नंतर प्रकाश किती परावर्तित होतो ते यंत्राने मोजतात. दोन्ही ठिकाणी शेजारी एक संदर्भ यंत्र त्याच डिटर्जंटसह चालतं आणि गुण त्याच्या तुलनेत निघतात. म्हणजे आज केलेली चाचणी आणि चार वर्षांपूर्वीची यांत पाणी किंवा पावडर थोडी बदलली असली तरी तुलना तुटत नाही.

११. वॉटर प्युरिफायरवर ४२, ५३, ५८ असे आकडे असतात. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला का?

नाही, ते मानकांचे क्रमांक आहेत. एनएसएफ/एएनएसआय ४२ म्हणजे चव, वास, क्लोरिन. ५३ म्हणजे शिसं, सिस्ट (परजीवींची कवचबंद अवस्था) अशा आरोग्याला घातक गोष्टी. ५५ म्हणजे अतिनील किरण, ५८ म्हणजे आरओ. फक्त ४२ असलेला फिल्टर क्लोरिनचा वास घालवेल, शिशाबद्दल काही हमी देणार नाही. ५३ असलं तरी त्याखाली कोणत्या घटकांची नावं आहेत ते वाचा, कारण प्रमाणपत्र घटकागणिक वेगळं असतं.

अतिनील यंत्रांत वर्ग बघा. वर्ग ‘ए’ला किमान ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मात्रा द्यावी लागते आणि तो जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित पण दिसायला नितळ पाण्यासाठी आहे. वर्ग ‘बी’ला १६ पुरतात, कारण तो आधीच शुद्ध केलेल्या पाण्यावर जादा खबरदारी म्हणून असतो. गढूळ पाण्यात दोन्ही लंगडे पडतात, किरण गाळाआड पोहोचत नाहीत.

आणि एक छान नियम. ५३ मध्ये, फिल्टर संपल्याची सूचना देणारी सोय यंत्रात असेल तर लिहिलेल्या क्षमतेच्या १२० टक्क्यांपर्यंत चाचणी घेतात. सोय नसेल तर दुप्पट, म्हणजे २०० टक्क्यांपर्यंत. लोक फिल्टर बदलायला विसरतात, हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे!

१२. एअर प्युरिफायरमध्ये ‘हेपा फिल्टर’ लिहिलंय. पुरेसं आहे का?

हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवण्याची क्षमता, हा फिल्टरच्या कागदाचा गुण आहे, यंत्राचा नाही. फिल्टरच्या कडेने हवा निसटत असेल किंवा पंखा अशक्त असेल तर उत्तम फिल्टरही खोली स्वच्छ करत नाही. म्हणून सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र ठरावीक वेळात किती स्वच्छ हवा देतं तो आकडा. तो आकडा सुमारे २८.५ घनमीटरच्या बंद खोलीत धूर, धूळ आणि परागकण सोडून काढतात, आणि कण आपोआप खाली बसल्याचा वाटा त्यातून वजा करतात. आठ फूट उंचीच्या खोलीसाठी घनफूट प्रति मिनिट या एककातला धुराचा सीएडीआर खोलीच्या चौरस फुटांच्या किमान दोन-तृतीयांश असावा, असा ठोकताळा आहे.

हा आकडा पंख्याच्या सर्वोच्च वेगावरचा असतो. रात्री आवाज नको म्हणून सगळ्यांत हळू वेगावर लावलात, तर हिशेब कोलमडतो. आयन सोडणारं यंत्र असेल तर ओझोनही तपासा. यूएल २९९८ या पडताळणीत त्याची पातळी ०.००५ पीपीएमच्या खाली असावी लागते.

१३. चाचणीच्या अटी आणि घरातला वापर वेगळा असतो. यावर कधी कोणी आक्षेप घेतला का?

घेतला आणि जिंकलाही. युरोपात व्हॅक्यूम क्लीनरचं ऊर्जा लेबल रिकाम्या पिशवीने केलेल्या चाचणीवर आधारलेलं होतं. पिशवी भरू लागली की ओढ कमी होते, हे ज्याने घर झाडलंय त्याला ठाऊक आहे. डायसन कंपनीने दावा केला आणि ८ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ते नियम रद्द केले. लेबल जानेवारी २०१९ मध्ये बाजारातून गेलं. दावा करणाऱ्याचा स्वतःचा धंदा पिशवीविना यंत्रांचा होता, हेही लक्षात असू द्या. आक्षेप मात्र बरोबरच होता.

१४. फ्रिजच्या पाटीवर ‘टी’ किंवा ‘एसटी’ असतं, ते काय?

कोणत्या परिसर तापमानात फ्रिज तपासला आहे, त्याचा वर्ग. ‘एन’ १६ ते ३२ अंश सेल्सिअस, ‘एसटी’ १६ ते ३८, ‘टी’ १६ ते ४३, आणि ‘एसएन’ १० ते ३२. उन्हाळ्यात स्वयंपाकघर ४० अंशांवर जात असेल आणि पाटीवर ‘एन’ असेल, तर आतलं तापमान टिकेल याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. आयईसी ६२५५२ नुसार वीजवापर १६ आणि ३२ अंशांवर मोजतात. दार सतत उघडणारं कुटुंब त्या प्रयोगशाळेत नसतं, त्यामुळे तुमचं बिल थोडं जास्तच येणार.

१५. खोक्यावरची खूण खरी आहे हे कसं पडताळायचं?

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा, शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाच्या मालिकेत दोन मॉडेल प्रमाणित आणि तिसरं नाही, असं सर्रास असतं. मग नोंदीत कोणतं मानक आणि कोणता दावा आहे ते वाचा. ‘मानकाप्रमाणे बनवलेलं’, ‘मानकानुसार तपासलेलं’, ‘प्रमाणित घटक वापरलेले’ या शब्दरचना दिसल्या की सावध व्हा. यांतली एकही ‘हे यंत्र प्रमाणित आहे’ असं म्हणत नाही.

सीई खुणेबद्दलही विचारणा होते. बहुतेक घरगुती उपकरणांवर ती उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेली असते. युरोपीय नियम पाळल्याचं ते त्याचं निवेदन आहे, गुणवत्तेचं पदक नाही.

१६. प्रमाणित यंत्र आहे, तरी आतून वास येतो आणि रबरावर काळं धरतं. प्रमाणपत्र खोटं का?

नाही. चाचणी आत घातलेल्या भांड्यांची किंवा कपड्यांची होते, आणि तीही नव्या यंत्रात. दाराच्या रबरी सीलवर साबण, चरबी आणि ओल यांचा थर साचतो, त्यात बुरशी घर करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १८९ डिशवॉशरपैकी ६२ टक्क्यांच्या रबरावर बुरशी सापडली. उष्णता, मीठ आणि डिटर्जंट सहन करणाऱ्या जाती तिथे टिकतात, कारण बाकीच्या आधीच मरतात.

सील पुसून कोरडं ठेवा, वापरानंतर दार किलकिलं राहू द्या, गाळणी काढून धुवा आणि अधूनमधून सगळ्यांत गरम प्रोग्रॅम लावा. सगळे प्रोग्रॅम थंडच लावणाऱ्यांकडे हा त्रास जास्त दिसतो.

१७. घरी काही तपासता येतं का? ऑनलाइन जंतू तपासणीचे किट मिळतात.

पेट्री डिशचे किट सोडून द्या. घरातल्या कुठल्याही पृष्ठभागावरून काहीतरी वाढणारच, ते घातक की निरुपद्रवी हे डोळ्यांनी कळत नाही, आणि वाढलेली डिश उघडणं धोक्याचं. चमकणाऱ्या स्वॅबचं एटीपी मीटर बरं (एटीपी हे सजीव पेशींमध्ये असणारं रसायन), पण ते जंतू मोजत नाही. ते सेंद्रिय अंश मोजतं, त्यात अन्नाचा कणही आला. अतिनील दिव्याने जंतू मेले तरी त्यांचं एटीपी काही वेळ तिथेच राहतं, म्हणून तिथे ते हमखास चुकतं.

तापमान मात्र घरी उत्तम तपासता येतं. सर्वोच्च तापमान लक्षात ठेवणारा जलरोधक थर्मामीटर किंवा रंग बदलणारी चिकटपट्टी डिशवॉशरमध्ये ठेवा आणि सॅनिटाइझ प्रोग्रॅम लावा.

मायक्रोवेव्हचीही तपासणी सोपी आहे. प्रयोगशाळेत आयईसी ६०७०५ नुसार एक किलो पाणी १० अंशांवरून तापवून शक्ती काढतात. घरी एक लिटर थंड पाण्याचं तापमान घ्या, पूर्ण शक्तीवर बरोबर ६० सेकंद तापवा, ढवळा, पुन्हा तापमान घ्या. फरकाला ७० ने गुणलं की वॉट मिळतात. दहा अंश वाढले तर सुमारे ७००. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून आकडा जरा कमी येईल. लिहिलेल्यापेक्षा एक-तृतीयांशाने कमी आला तर सेवा केंद्राला फोन करा.

१८. घरगुती प्रमाणित डिशवॉशर कॅन्टीन किंवा खानावळीत चालेल का?

नाही. मानक १८४ ची यंत्रं परवानाधारक खाद्यव्यवसायासाठी नाहीत. व्यावसायिक यंत्रांना एनएसएफ/एएनएसआय ३ लागतं. गरम पाण्यावर चालणाऱ्या नेहमीच्या यंत्रांत शेवटचं पाणी ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि एकामागून एक फेऱ्या झाल्या तरी ते टिकावं लागतं.

१९. घरात केमोथेरपी घेणारी किंवा प्रत्यारोपण झालेली व्यक्ती आहे. सॅनिटाइझ प्रोग्रॅमवर भिस्त ठेवावी का?

भांडी आणि कपड्यांपुरती, एक थर म्हणून, हो. पण त्याच्या मर्यादा ओळखा. घरगुती मानकांतले आकडे ठरावीक जिवाणूंवरचे आहेत. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारख्या जिवाणूंचे बीजाणू या तापमानाला दाद देत नाहीत, आणि नोरोव्हायरससारखे विषाणू या चाचण्यांत नसतात. रुग्णालयातल्या यंत्रांचा उष्णतेचा हिशेब (प्रश्न ९) घरगुती यंत्राकडून मागितलाच जात नाही.

बाळाच्या दुधाच्या बाटल्या किंवा नेब्युलायझरचे भाग असतील तर त्यांच्या उत्पादकाची सूचना वरचढ माना. तिथे उकळायला सांगितलं असेल तर उकळाच. उलट्या-जुलाबांचा संसर्ग झालेल्याचे कपडे वेगळे धुवा, त्या कपड्याला चालेल तितक्या गरम पाण्यात, ब्लीच असलेल्या पावडरने. मशीन कोंबून भरू नका, मध्ये अडकलेल्या कपड्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. आणि ओले कपडे मशीनमधून काढून ड्रायरमध्ये किंवा दोरीवर टाकल्यावर हात धुवा.